काशीचे रविवार

संपादकांचं कार्ड आलं. 'शब्बाथशाळेतील माझी सेवा' या विषयावर नाताळ अंकासाठी चार पानं लिहा, आणि शक्यतो उत्तेजनपर लिहा, असा मजकूर होता. चार पानं होतील. उत्तेजनाची हमी मी देत नाही.

एकोणचाळीस वर्षं मी एकाच गावात, एकाच देवळात, एकाच सतरंजीवर मुलांना शिकवलं. सतरंजी मध्ये दोनदा बदलली, पण ती अंथरायची जागा तीच. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून हयात आहेत. एरंडोलहून सकाळी बैलगाडीनं निघालं तर जेवणवेळेला पोचता येतं, एवढं पुरे. माझ्या वेळेला परदेशातून किती मिसबाई आल्या आणि किती परत गेल्या, मला कायम कोणत्या साली केलं, हे मिशनच्या कागदांत सापडेल. मला मुलं आठवतात. त्यांच्यातल्या एकीबद्दल लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिणं मला जमत नाही, हे दोन-तीन कागद फाडल्यावर माझ्या ध्यानात आलं.

हा अंक आता आमच्या मंडळीबाहेरही वाचला जातो म्हणून थोडं समजावून सांगते. आम्ही आमच्या प्रार्थनामंदिराला देऊळ म्हणतो आणि रविवारला शब्बाथ. मोठ्या माणसांची उपासना सकाळी असते. दुपारी तीनला पुन्हा घंटा होते, ती मुलांची. त्या घंटेला फक्त ख्रिस्ती घरांतलीच मुलं येत असं नव्हतं. आमची घरं होती अठरा-वीस. सतरंजीवरची निम्मी पोरं गावातली असत, शेतकऱ्यांची आणि मजुरांची. आम्ही काय शिकवतो याची त्यांच्या आईबापांना फारशी पर्वा नव्हती. पोर दुपारच्या वेळी विहिरीच्या काठावर न हुंदडता कुठंतरी बसलेलं आहे, एवढ्यावर ते खूष असत. ज्यांना पर्वा होती ते पाठवत नसत, आणि त्यांच्या दारात मी कधी बोलवायला गेले नाही.

कामाची रीत अशी असे. आधी हजेरी, मग गाणं. मग मागच्या रविवारचं बायबलमधलं वचन एकेकानं तोंडपाठ म्हणून दाखवायचं. त्यानंतर चित्र दाखवून गोष्ट. चित्रांची मोठी गुंडाळी परदेशाहून येई आणि ती खिळ्याला अडकवून एकेक पान उलटायचं. शेवटी नवं वचन, प्रार्थना आणि तिकीट. तिकीट म्हणजे पत्त्याच्या पानाएवढं रंगीत चित्र. वचन बिनचूक म्हटलं तरच ते मिळे. गावात दुसरं रंगीत चित्र म्हणजे काड्यापेटीवरचं, त्यामुळे आमच्या तिकिटांना मोठा मान होता. मारामाऱ्या व्हायच्या.

गोष्ट सांगणं हे यातलं खरं काम. मिसबाईंनी आम्हांला बजावून ठेवलं होतं की मुलांनी पाहिलेली वस्तू घ्या आणि तिथून सुरुवात करा. एकदा द्राक्षवेल आणि तिच्या फांद्या हा धडा आला. आमच्या मुलांनी द्राक्षं पाहिलेली नव्हती. मी विचार केला, सावद्याच्या केळीच्या बागा सगळ्यांना ठाऊक आहेत, तर आपण केळ घेऊ. प्रभू म्हणजे केळ आणि आपण सगळे तिच्या फांद्या, असं मी मोठ्या ठसक्यात सांगून बसले. मागून एक पोरगा उठला.

"बाई, केळले फांद्या कोठे राहतस?"

सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी तो धडा घाईघाईनं भोपळ्याच्या वेलावर नेला आणि कसाबसा तडीस लावला. त्या दिवसापासून कुठलंही झाड वापरण्याआधी मी ते जाऊन बघून येऊ लागले.

नाताळच्या झाडाचीही तीच तऱ्हा. चित्रांतल्यासारखं झाड आमच्या भागात कुठून आणणार? आम्ही बाभळीची मोठी फांदी कुंडीत रोवायचो आणि तिच्या काट्यांना कापूस टोचायचो. तो बर्फ. बर्फ मीही पाहिलेला नव्हता आणि अजून नाही. एका बारक्यानं विचारलं की हे झाड जिनाजवळून तोडून आणलं का. कापसाच्या जिनाच्या आसपास सगळ्या झाडांवर कापूस उडून बसलेला असतो, तेव्हा त्याचं काही चुकलं नव्हतं.

आणि आमचे दगडूनाना. सत्तरीच्या पुढचे शेतकरी. ते दर रविवारी उंबऱ्यावर येऊन बसत, गोष्ट शेवटपर्यंत ऐकत आणि मग हात पुढे करून तिकीट मागत. नाना, तिकीट लहान मुलांना असतं, असं मी म्हटलं, तर त्यांनी तोंड उघडून दाखवलं. म्हणाले, "मन्हा दात मोज. या पोरेसपेक्षा कमीच शेतस." मी म्हटलं, मग वचन म्हणा. त्यांनी अडखळत का होईना, म्हटलं. तिकीट द्यावंच लागलं. नाना शेवटपर्यंत एकादशी पाळत राहिले आणि त्यांच्या घरी गणपतीच्या चित्राभोवती आमची तिकिटं पिठाच्या खळीनं चिकटवलेली मी पाहिली आहेत. आमच्या देवळाचे पाळकसाहेब शमुवेलराव यांनी याबद्दल एकदा माझ्याकडे नुसतं रोखून पाहिलं.

आता हजेरीबद्दल सांगते.

संवत छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, मोठ्या दुष्काळात मी मिशनच्या अनाथ मुलींत आले, तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. आईबाप कुठं गेले ते मला सांगता येत नव्हतं. गावाचं नावही धड सांगता आलं नाही. तिथं रोज सकाळी आम्हांला ओळीत उभं करून नावं घेत आणि आम्ही "हजर" म्हणायचं. बाकीच्या मुली कंटाळायच्या. मला ते फार आवडायचं. कुणीतरी रोज माझं नाव घेतं आणि मी आहे की नाही याची खात्री करून घेतं, याहून मोठी गोष्ट मला त्या वयात माहीत नव्हती. म्हणून पुढे शिक्षिका झाल्यावर हजेरीचं जे वेड माझ्या डोक्यात बसलं, ते बसलंच.

नियम मी काढला. वर्षभरात एकही रविवार न चुकवणाऱ्या मुलाचं नाव नाताळच्या दिवशी सगळ्या मंडळीसमोर घ्यायचं, त्यानं "हजर" म्हणून पुढे यायचं आणि झाडावरची पहिली मेणबत्ती लावायची. गोष्ट आणि प्रार्थना संपेपर्यंत बसल्याशिवाय हजेरी लागणार नाही, मध्येच उठणाऱ्याची खूण खोडायची, हेही मीच ठरवलं, कारण काही पोरं नाव सांगून पळ काढायची. शमुवेलराव खूष झाले. मिसबाईंनी धुळ्याच्या सभेत माझं कौतुक केलं. दोन-तीन वर्षांत असं झालं की पोरं मामाच्या गावाला जायला तयार होईनात. एकाच्या सख्ख्या मावशीचं लग्न जामनेरला होतं, तो रडून रडून मागे राहिला. एकाच्या पायात काटा मोडला तर तो भावाच्या पाठीवर बसून आला. या हकिकती मी मिशनच्या अहवालासाठी लिहून द्यायची. त्या सभेत वाचल्या जात तेव्हा मी मान खाली घालून बसायची, पण एकूण एक शब्द ऐकायची. आज त्या पुन्हा लिहिताना लाज वाटली.

१९१८ साली काशी नऊ वर्षांची होती. तिची आई भागाबाई विधवा, दुसऱ्यांच्या शेतांत निंदणी-वेचणी करायची. घरात त्या दोघीच. भागाबाईला आमच्या धर्माशी काही देणंघेणं नव्हतं. रविवारी ती बाजाराच्या गावी जायची, तेव्हा पोरीला कुठं ठेवायचं म्हणून देवळात ठेवायची, अशी त्याची सुरुवात होती. काशी हुशार नव्हती. एक वचन पाठ व्हायला तिला दोन-दोन आठवडे लागायचे. गाण्यात सूर लागायचा नाही. सगळी मिळून सहा-सात तिकिटं तिच्याकडे होती. पण ती यायची. घंटेच्या आधी येऊन सतरंजीच्या डाव्या टोकाला खांबाला टेकून बसायची आणि मी नाव घेतलं की इतक्या जोरात "हजर" म्हणायची की बाकीची खो खो हसायची. हुशारी लागत नाही असं आमच्याकडे हे एकच बक्षीस आहे, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. जानेवारीपासून तिचा एकही रविवार चुकला नाही. ऑगस्टात अशी दोनच मुलं उरली, आणि सप्टेंबरात एकटी काशी.

मला केवढा आनंद झाला होता. गावातल्या मजुरणीची मुलगी, ख्रिस्ती नसलेली, आणि ती आमच्या झाडाची पहिली मेणबत्ती लावणार. अहवालात हे कसं लिहायचं त्याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवून ठेवली होती.

त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. त्यातच दसऱ्याच्या सुमारास मानमोडीचा ताप आला. मुंबईकडून आगगाडीनं जळगावला उतरला आणि तिथून बाजारांच्या वाटेनं गावोगाव शिरला. ताप चढायचा, मान आणि पाठ ठणकायची आणि चार दिवसांत छाती भरून माणूस जायचं. म्हातारेकोतारे राहायचे आणि धडधाकट जायचे. जळगावहून येणारे लोक सांगत होते, पण आमच्या गावात अजून कुणी आजारी नव्हतं. आपल्याकडे तो येणार नाही असं प्रत्येक गावाला वाटत होतं, तसं आम्हांलाही वाटत होतं.

दसऱ्याच्या आधीचा रविवार. काशी नेहमीसारखी लवकर येऊन खांबाला टेकून बसली होती. मी हजेरी घेतली. तिनं "हजर" म्हटलं, पण आवाज नीट फुटला नाही. मी मान वर करून पाहिलं. तिचे डोळे लाल झाले होते, ओठ सुकले होते. त्या उकाड्यात तिनं आईचं जुनं लुगडं दुहेरी करून डोक्यावरून अंगभर घेतलं होतं.

मी उठून तिच्याजवळ गेले. कपाळाला लावायला हात पुढे केला. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहिते. हात लावला आणि अंग तापलेलं निघालं, तर तिला घरी पाठवावं लागेल. घरी पाठवलं तर रविवार चुकला. चाळीस रविवार तिनं भरले होते आणि दहाच उरले होते. हात लावला नाही, तर मला काही माहीत नाही. मी हात मागे घेतला. तेवढ्यासाठीच उठले होते असं वाटावं म्हणून तिच्या डोक्यावरचं लुगडं सारखं केलं आणि म्हटलं, "ऊन लागलंय वाटतं. बस इथं सावलीत."

ती म्हणाली, "हा बाई. मी हजर शे ना?"

"आहेस," मी म्हटलं, आणि तिच्या नावापुढे खूण केली.

पाऊण तास ती बसली. प्रार्थना झाल्यावर उठताना तिनं खांब धरला, तेही मी पाहिलं. तिच्या शेजारी आमच्या मंडळीतल्या दोन बहिणी बसल्या होत्या. गुरुवारी काशी गेली. पुढच्या आठवड्यात त्या दोन बहिणींमधली धाकटी गेली. तिचे वडील त्याच सुमाराला जळगावहून आले होते. ताप तिला त्यांच्याकडून लागला की काशीकडून, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी तो तिच्या वडिलांवर ढकलून पाहिला आहे. कधीकधी ढकलला जातो.

शमुवेलरावांनी देऊळ बंद ठेवलं. तीन रविवार घंटा झाली नाही. ते, मिसबाई आणि मी घरोघर काढा आणि पेज घेऊन फिरत होतो. नदीकाठचा धूर दिवसभर थांबत नव्हता आणि आमच्या कबरस्तानात खणायला माणसं मिळत नव्हती. मला ताप आला नाही. तो मला यावा असं फार वाटत होतं. भागाबाईच्या दारावरून मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा पेजेचं भांडं उंबऱ्यावर ठेवून पुढे निघाले.

दिवाळीनंतर पुन्हा घंटा झाली. सतरंजीवर दहा-अकरा मुलं होती, लांब लांब बसलेली. गेलेल्या मुलांची नावं मी आदल्या दिवशी हजेरीपटात कापली होती. काशीचं नाव कापायला हात धजला नाही, म्हणून ते तसंच राहिलं होतं. मी नावं घेत गेले आणि निव्वळ सवयीनं तोंडातून निघालं, "काशी."

"हजर."

दारात भागाबाई उभी होती. ती आत आली, सतरंजीच्या डाव्या टोकाला गेली आणि खांबाला टेकून बसली. एकही पोर हसलं नाही. मी पुढची नावं कशी घेतली ते आठवत नाही. वर्ग सुटल्यावर ती माझ्याजवळ आली.

"अक्का, तीन रविवार घंटा व्हयनी नही. त्या मोजामां धरतस का?"

"नाही," मी म्हटलं. "घंटा झाली नाही तर तो रविवार धरत नाहीत."

"मंग तिन्हा एकबी चुकना नही. आते नाताळलगून मी बससू तिन्हा जागावर. तू फक्त तिन्हं नाव ले."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? त्यानंतर दर रविवारी ती येत राहिली. मी काशीचं नाव घ्यायची, भागाबाई "हजर" म्हणायची आणि मी खूण करायची. ती चित्राकडे बघत बसायची. प्रार्थनेच्या वेळी सगळी मुलं डोळे मिटायची, तिचे उघडे असायचे. माझेही उघडे असायचे, म्हणून मला माहीत.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी शमुवेलरावांनी हजेरीपट चाळला आणि बोट ठेवून विचारलं, "बाई, ही मुलगी गेली ना?"

"हो."

"मग हजर कोण आहे?"

मी भागाबाईबद्दल सांगितलं. माणूस मोठा शिस्तीचा. पण मानमोडीत त्यांचा थोरला नातू गेला होता. त्यांनी हजेरीपट मिटला. मग म्हणाले, "हजेरी खोटी आहे, पण त्या बाईचं काही खोटं नाही. नाताळपर्यंत चालू द्या. मेणबत्तीही तिलाच लावू द्या. मंडळीलासुद्धा त्यानं बरं वाटेल."

मंडळीला बरं वाटलं असतं हे खरं. मला मात्र त्या दिवसापासून नाताळची धास्ती बसली. सगळ्यांसमोर मी काशीचं नाव घेणार, तिची आई पुढे येऊन मेणबत्ती लावणार, लोक डोळे पुसणार आणि एवढी माया लावणाऱ्या बाई म्हणून माझ्याकडे बघणार. ज्या नियमापायी मी त्या पोरीला तापात बसवून ठेवलं, त्याच नियमाचं बक्षीस मी तिच्या आईच्या हातात देणार होते. भागाबाईला खरं न सांगता हे करणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा लुबाडणं होतं. सांगावं तर तिच्याजवळ उरलेलं हे एवढंसं तेही मी हिसकावून घेणार. महिनाभर मी दर रविवारी ठरवायची आणि दर रविवारी गप्प राहायची.

नाताळच्या आधीचा शेवटचा रविवार आला. धडे वर्षाच्या सुरुवातीला छापून येत, कोणता कधी घ्यायचा हे आमच्या हातात नसे. त्या दिवशीचा धडा क्षमेचा होता. मी तो नेहमीसारखा शिकवला. आपण चूक कबूल केली की देव क्षमा करतो, हे मुलांकडून दोनदा म्हणवून घेतलं. वर्ग सुटला, मुलं धावत बाहेर गेली. मी म्हटलं, "भागाबाई, जरा थांबा."

ती खांबाजवळच बसून राहिली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्या रविवारी काशीचे डोळे लाल होते, मी उठून तिच्याजवळ गेले होते, हात पुढे केला होता आणि मुद्दाम लावला नाही. तिचा रविवार चुकू नये म्हणून. मी तिला तेव्हाच घरी आणून पोचवलं असतं, तर ती कदाचित वाचली असती. तिनं शिव्या द्याव्यात, तळतळाट द्यावेत, मंडळीसमोर माझं नाव घ्यावं, या सगळ्याची मी तयारी केली होती.

भागाबाई सतरंजीच्या दशा बोटांनी सारख्या करत होती. वर न बघता म्हणाली, "मालेबी मालूम व्हतं, अक्का."

मला काही समजलं नाही.

"सकायले तिन्हं आंग तवासारखं तापेल व्हतं. मी सांगं, आज नको जाऊ. ती रडनी. म्हने, माय, आते थोडाच राह्यनात. मीच तिले मन्हं लुगडं पांघराडं. दुपारले मीच तिले देवळलगून सोडी उनू आनि बजारले निंघी गऊ."

मी खाली बसले. मी काहीतरी बोलायला लागले, की म्हणजे आपण दोघींनीही, आणि तिनं मला मध्येच थांबवलं.

"तुन्ही गोठ येगळी शे. तू आतेच पोरेसले सांगं ना, कबूल करं का देव माफ करस. तुन्हा देव तुले माफ करी. माले कोन करी? माफ करनारी तं मरी गयी."

दहा वर्षं मी तो धडा शिकवत आले होते. लहान मुलांना समजेल, म्हाताऱ्यांना समजेल, दगडूनानांना समजेल असा. त्यातलं एक वाक्य मला त्या वेळी उच्चारता आलं नाही. आठवत नव्हतं असं नाही. सगळं आठवत होतं, पण तिच्यासमोर म्हणण्यासारखं त्यात काही दिसेना. थोड्या वेळानं तिनं माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला, आणि मग ती उठून घरी गेली.

नाताळच्या दिवशी देऊळ भरलं होतं. शमुवेलरावांनी खूण केली आणि मी काशीचं नाव घेतलं. कुणी "हजर" म्हटलं नाही. मी पुन्हा एकदा घेतलं. मागून कुणीतरी हळूच सांगितलं की भागाबाई परवाच जळगावला गेली, जिनात काम करायला, घराच्या दाराला कुलपाऐवजी काटे लावून. शमुवेलरावांनी काड्यापेटी माझ्यापुढे केली. मी नको म्हटलं. त्या साली पहिली मेणबत्ती न लावता आम्ही दुसरीपासून सुरुवात केली.

पुढे त्यांनाही मी सारं सांगितलं. मला क्षमा झाली आहे असं ते म्हणाले आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. पाळकानं जे सांगायचं ते त्यांनी मनापासून सांगितलं, आणि त्याचा आधार वाटला नाही असं मी म्हणणार नाही. पण भागाबाईचा प्रश्न त्यानं सुटला नाही. कामानिमित्त जळगावला गेले की मी जिनांच्या फाटकांशी उभी राहून सुटणाऱ्या बायकांचे चेहरे बघायची. ती मला पुन्हा कधी दिसली नाही. गावातलं तिचं घर दोन पावसाळ्यांत बसलं.

पूर्ण हजेरीचा मान मी त्याच साली बंद केला. मिसबाई नाराज झाल्या, पण मी ऐकलं नाही. मग सतरंजीवरचं सगळ्यांत धाकटं मूल पहिली मेणबत्ती लावू लागलं. आणि मी आणखी एक सवय लावून घेतली. दर रविवारी घंटेच्या आधी दारात उभी राहून आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कपाळावर हात ठेवायची, एकालाही न वगळता. कुणी अंगानं कढत लागलं तर वर्ग तसाच टाकून मी त्याला उचलून घरी पोचवायची, मग वचन राहो की गोष्ट राहो. असं मी एकोणतीस वर्षं केलं.

यंदा मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या सभेला जुने विद्यार्थी आले होते. त्यांतला एक आता धुळ्याकडे पाळक आहे. भाषणात तो म्हणाला की आमच्या बाई दर रविवारी दारात उभ्या राहून प्रत्येक मुलाच्या कपाळावर हात ठेवून आशीर्वाद देत, तो स्पर्श मी विसरलो नाही, आणि माझ्या मंडळीतल्या मुलांना मी अजून तसाच आशीर्वाद देतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथंच उठून खरं सांगायला हवं होतं. माझ्यानं उठवलं नाही. हार गळ्यात घालून मी रडत बसले, आणि बाईंना गहिवरून आलं असं लोकांना वाटलं.

म्हणून त्याच्यासाठी इथं लिहिते. बाळा, तो आशीर्वाद नव्हता. मी ताप बघत होते. तूही आधी ताप बघ, आशीर्वाद मागाहून दे.